चाकांवरचा मुक्काम

रात्रीचे दोन वाजलेले असतात. बीडहून सोलापूरच्या दिशेने निघून मांजरसुंब्याचा घाट चढला, की फाट्यावरच्या ढाब्यांचे दिवे दिसू लागतात. रस्त्याच्या कडेला मालमोटारींची रांग लागलेली असते. कोणी टायर ठोकून पाहत असतो, कोणी ताडपत्रीची दोरी पुन्हा आवळत असतो, तर कोणी चहाचा तिसरा पेला रिचवीत असतो. आणि कोणी केबिनमधील अरुंद फळीवर पाय दुमडून तास-दीड तासाची झोप पदरात पाडून घेत असतो. पाट्यांवरचे क्रमांक कधी हरियाणाचे, कधी राजस्थानचे, कधी कर्नाटकचे. अधूनमधून बीडचा 'एमएच २३' किंवा अंबाजोगाईचा 'एमएच ४४'ही दिसतो. गाड्या वेगवेगळ्या प्रांतांच्या असल्या, तरी चालकांची अडचण मात्र एकच असते. पुरेशी झोप घ्यावी तर माल वेळेवर पोहोचत नाही आणि माल वेळेवर पोहोचवावा तर झोप मिळत नाही.

शहरातील वाचकाचा या माणसाशी संबंध येतो तो बहुधा ओव्हरटेक करताना वाजवलेल्या हॉर्नपुरता. वास्तविक सकाळच्या दुधापासून घराच्या फरशीपर्यंत बहुतेक वस्तू त्याच्याच हातून आपल्यापर्यंत पोहोचतात. जानेवारी २०२४ मध्ये नव्या फौजदारी कायद्यातील अपघातासंबंधीच्या कडक तरतुदीविरुद्ध चालकांनी स्टेअरिंग सोडले, तेव्हा अवघ्या एका दिवसात महाराष्ट्रातील अनेक शहरांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या होत्या. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची ती तरतूद, भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू करताना, बाजूला ठेवण्यात आली. शिक्षेची चर्चा पुष्कळ झाली. पण अपघाताच्या आधीच्या अठरा तासांत तो चालक किती झोपला होता, काय जेवला होता आणि किती तापलेल्या केबिनमध्ये बसला होता, याची चर्चा फारशी झाली नाही. चालकाच्या आरामाचा विचार करायचा, तर तो नेमका तेथूनच करावा लागतो.

बीड आणि रस्ता

बीड जिल्ह्याचे आणि मालमोटारीचे नाते जुने आहे. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे असली, तरी जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बीड शहरात प्रवासी रेल्वे धावली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी, अहिल्यानगरच्या मार्गावर. तोपर्यंत शहरात येणारे सिमेंट, खत आणि किराणा असो, की बाहेर जाणारा कापूस आणि सोयाबीन असो, सारी भिस्त रस्त्यावरच होती.

हा रस्ताही लहानसहान नव्हे. पूर्वी ज्याला राष्ट्रीय महामार्ग २११ म्हणत, तो सोलापूर–धुळे रस्ता आता महामार्ग ५२चा भाग आहे. पंजाबातील संगरूरपासून कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील अंकोल्यापर्यंत सुमारे २,३०० किलोमीटर धावणाऱ्या या महामार्गावर चौसाळा, मांजरसुंबा, बीड आणि गेवराई ही गावे येतात. गेवराईजवळ गढी येथे त्याला कल्याण–अहिल्यानगर–नांदेड हा महामार्ग ६१ छेदतो. दक्षिणेचा नारळ उत्तरेला आणि राजस्थानचा संगमरवर दक्षिणेला जाताना बीड वाटेत पडते. याखेरीज परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख वाहणारी वाहने आहेत, आणि दिवाळीनंतर सुरू होणारा उसाचा हंगाम आहे. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या, त्यांची भांडीकुंडी आणि लेकरेबाळे घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघालेले ट्रक हे बीडचे दरवर्षीचे दृश्य. त्यांच्याच गावचे कित्येक तरुण त्या ट्रकच्या स्टेअरिंगवर असतात.

म्हणजे हा जिल्हा चालक पुरवितो आणि इतरांच्या चालकांना मुक्कामही देतो. त्यामुळे लांब पल्ल्याच्या चालकाला आराम म्हणजे नेमके काय हवे, हे समजून घेण्यासाठी याहून योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

झोपेचे गणित

आरामाच्या यादीत पहिला क्रमांक गादीचा किंवा वातानुकूलनाचा नाही, तो झोपेचा आहे. निरोगी प्रौढ माणसाला रोज सात ते आठ तास झोप लागते. ती सतत कमी मिळत गेली, तर उसनवारीच्या पैशांप्रमाणे तिचा बोजा वाढत जातो, आणि एका क्षणी शरीर विचारल्याशिवाय वसुली करते. चालकांच्या भाषेत 'डुलकी' आणि वैद्यकाच्या भाषेत 'सूक्ष्मनिद्रा' ती हीच. डोळे कधी मिटलेले, कधी उघडेही असतात. परंतु मेंदू दोन-चार सेकंद बाहेरची नोंद घेणे थांबवितो.

दोन-चार सेकंद म्हणजे किती? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मालमोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ताशी ८० किलोमीटरला हेच अंतर २२ मीटर होते. चार सेकंदांच्या डुलकीत भरलेली गाडी अनुक्रमे ६५ ते ९० मीटर चालकाविना धावते. झोपेच्या अपघातस्थळी ब्रेक लावल्याच्या खुणा बहुधा सापडत नाहीत, याचे कारण हेच.

जागरणाचा परिणाम दारूसारखा असतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखवून दिले. सलग सतरा तास जागा असलेला माणूस हातांच्या हालचालीत आणि प्रतिसादात, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका मागे पडतो. चोवीस तास जागरण झाले, तर ती पातळी ०.१० टक्क्याच्या आसपास जाते. भारतात वाहनचालकासाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पहाटे पाच वाजता उठून रात्री दहानंतरही गाडी हाकणारा चालक थेंबभरही न पिता या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. श्वास तपासणारे यंत्र मात्र त्याला पकडू शकत नाही.

शरीराचे घड्याळही ध्यानात घ्यावे लागते. मध्यरात्रीनंतर दोन ते सहा या वेळात, आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चारच्या सुमारास, सावधपणा स्वाभाविकपणेच खाली येतो. नेमक्या याच वेळा चालकांना सोयीच्या वाटतात. रात्री रस्ता मोकळा, ऊन नाही, शहरांतील अवजड वाहनांची बंदी उठलेली. दिवसा झोपावे म्हटले, तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या केबिनमध्ये ते शक्य होत नाही.

२०२० साली सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने देशातील दहा वाहतूक केंद्रांत बाराशेहून अधिक चालकांशी बोलून केलेल्या पाहणीत, सुमारे निम्म्या चालकांनी थकलेले किंवा झोप आलेली असतानाही गाडी चालवीत असल्याचे मान्य केले होते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतील किती मृत्यू झोपेमुळे झाले, हे पोलिसांच्या नोंदीतून कळत नाही. झोपेचा पंचनामा होत नसतो.

डुलकीवर उतारा

झोप आली, की चालक जे उपाय करतात त्यांतले बहुतेक फसवे आहेत. तोंडावर पाणी मारणे, काच खाली करणे, गाण्यांचा आवाज वाढविणे, तंबाखूचा बार भरणे यांनी काही मिनिटे हुशारी येते. झोपेची गरज मात्र तशीच राहते. काही जण गोळ्यांकडे किंवा डोड्यासारख्या अमली पदार्थांकडे वळतात. त्यातून जागरण लांबते, पण अंतराचा अंदाज बिघडतो आणि नंतर येणारी झोप अधिक अनावर असते.

खरा उतारा एकच, आणि तो म्हणजे झोप. ती थोडी घेतली तरी चालते, मात्र ठरवून घ्यावी लागते. पंधरा ते वीस मिनिटांची डुलकी सुरक्षित जागी गाडी लावून घेतली, तर सावधपणा बऱ्याच अंशी परत येतो. ही डुलकी तासाभरावर गेली, तर माणूस गाढ झोपेतून अर्धवट उठतो आणि पहिला अर्धा तास सुस्तीत जातो. म्हणून एक तर वीस मिनिटांत उठावे किंवा पूर्ण दीड-दोन तास झोपावे. उठल्यावर लगेच किल्ली फिरवू नये. खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारावी, टायर पाहावेत, मग निघावे.

चहा-कॉफीचाही उपयोग आहे, पण वेळ साधली तर. त्यातील कॅफीनचा परिणाम दिसायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून चहा पिऊन लगेच वीस मिनिटे आडवे झाले, तर उठताना दोहोंचा लाभ एकदम होतो. याउलट पहाटे चार वाजता घेतलेली कडक कॉफी सकाळी आठ वाजता झोपायची ठरविलेली झोप उडवून टाकते. कारण कॅफीनचा निम्मा अंश शरीरात पाच-सहा तास टिकतो.

केबिन नावाचे घर

जुन्या पद्धतीच्या आपल्या मालमोटारी कारखान्यातून बाहेर पडत त्या केवळ सांगाडा म्हणून. पुढचा दर्शनी भाग, इंजिन आणि चाके कंपनीची. केबिन आणि मागचा हौदा स्थानिक बांधणीवाल्याचा. सुतार आणि पत्रेवाले मिळून लाकूड, पत्रा आणि रंग यांची ती केबिन उभी करीत. ती देखणी असे, देवादिकांच्या तसबिरींनी सजलेली असे. पण चालकाची पाठ, गुडघे आणि कान यांचा हिशेब तीत क्वचितच असे. इंजिन बऱ्याचदा केबिनच्या पोटातच. त्याचा ताप पायांना, आवाज कानांना आणि धक्के मणक्याला.

चालकाचे पाठदुखीचे दुखणे कष्टाचे तर असतेच, ते कंपनांचेही असते. बसलेल्या माणसाच्या मणक्याला साधारण सेकंदाला चार ते आठ वेळा होणारे हेलकावे सर्वांत अधिक जाचतात, आणि खराब रस्त्यावर धावणाऱ्या अवजड वाहनाची हालचाल नेमकी याच टप्प्यात येते. उसाच्या शेतातील कच्चा रस्ता, तेथून कारखान्यापर्यंतची खड्ड्यांची वाट, हे रोज कैक तास चालले तर मणक्यांमधील चकत्या झिजतात. स्प्रिंगवर किंवा हवेवर तोललेले आसन हे कंपन पुष्कळ कमी करते. नवी गाडी घेताना संगीत यंत्रणेवर खर्च करणाऱ्या मालकाने आधी आसनाकडे पाहावे, असे म्हणावेसे वाटते ते यासाठी.

जुन्या गाडीतही काही गोष्टी फुकटात सुधारतात. क्लचचा पेडल पूर्ण दाबताना पाठ आसनापासून सुटू नये, इतके आसन पुढे घ्यावे. पाठ काटकोनात ताठ ठेवण्यापेक्षा किंचित मागे रेललेली असावी. कमरेच्या खळग्यात पंचा गुंडाळून ठेवला, तरी पुष्कळ आराम पडतो. पँटच्या मागच्या खिशातले पाकीट काढून डॅशबोर्डवर ठेवावे. त्यावर दिवसभर बसल्याने कंबर एका बाजूला कलते आणि पायात कळ उतरते.

उन्हाची गोष्टही अशीच दुर्लक्षिलेली आहे. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ६९ वर्षांच्या एका अमेरिकी चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्याने २८ वर्षे मालमोटार चालविली होती. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो. खिडकीच्या काचेतूनही अतिनील किरणांचा एक भाग आत येतो. आपल्याकडे हाच मार उजव्या गालावर, उजव्या हातावर आणि उजव्या डोळ्यावर बसतो. लांब बाह्यांचा सुती सदरा, टोपी आणि बरा चष्मा ही चैन नव्हे, ती कामाची साधने आहेत.

गारवा, पण कोणासाठी?

केबिनच्या उकाड्याची दखल सरकारने अखेर घेतली. मध्यम आणि अवजड मालवाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करावे, हा विचार कित्येक वर्षे रेंगाळला होता. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने तो नियम झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहनांची केबिन वातानुकूलित असणे त्यानुसार बंधनकारक आहे.

पाऊल योग्यच आहे. बीड परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. बंद केबिनचे तापमान त्याहून अधिक असते. अशा उष्णतेत शरीरातील पाणी घटते, चिडचिड वाढते, निर्णय उशिरा होतात. परंतु या नियमाच्या दोन मर्यादा समजून घ्यायला हव्यात. एक तर तो नव्या गाड्यांना आहे. रस्त्यावर आज धावणाऱ्या जुन्या लाखो गाड्यांना नाही. दुसरे म्हणजे साधे वातानुकूलन इंजिनावर चालते. गाडी उभी करून चालक झोपला, की इंजिन बंद. आणि इंजिन बंद, की गारवाही बंद. इंजिन चालू ठेवावे तर डिझेल जळते, आणि त्याचा हिशेब मालकाला द्यावा लागतो. म्हणजे ज्या वेळी गारव्याची सर्वांत अधिक गरज, त्याच वेळी तो मिळत नाही. बॅटरीवर चालणारे स्वतंत्र यंत्र हा त्यावरचा इलाज आहे, पण तो महाग आहे. तोवर झाडाची सावली, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना डास अडविणारी जाळी, बॅटरीवरचा पंखा आणि केबिनच्या टपावर पांढरा रंग या साध्या उपायांनीच उन्हाळा काढावा लागणार.

ताटात काय?

ढाब्याचे जेवण चविष्ट असते, स्वस्त असते आणि रात्री-बेरात्री मिळते. त्याचा दोष असलाच, तर तो प्रमाणात आहे. तेलात न्हालेली शेवभाजी, लोणी घातलेली डाळ आणि चार-पाच तंदुरी रोट्या खाऊन बसलेल्या माणसाला अर्ध्या तासात झापड येणारच. दिवसभर बैठे काम आणि वर असे जेवण, यातून पोट सुटते, रक्तदाब वाढतो, मधुमेह मागे लागतो. लठ्ठपणातून घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे सुरू होते. मग आठ तास झोपूनही माणूस ताजा होत नाही, आणि दिवसा स्टेअरिंगवर डुलक्या येतात.

बीडच्या चालकाजवळ यावरचा उपाय घरचाच आहे. ज्वारीची भाकरी, पिठले किंवा उसळ, कांदा आणि ताक हे जेवण पोटाला जड होत नाही आणि भूकही लवकर लागू देत नाही. पूर्वीचे चालक गाडीत स्टोव्ह, तवा आणि पीठ ठेवीत व वाटेत झाडाखाली स्वयंपाक करीत. आजही लांबच्या ट्रिपला कित्येक जण तसे करतात. मुख्य जेवण गाडी लावून झोपण्याआधी घ्यावे. चालविताना मात्र थोडे-थोडे खावे. फुटाणे, शेंगदाणे, केळी, काकडी हे सहज मिळणारे जिन्नस आहेत. बालाघाटच्या डोंगरातील ज्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते हंगामात याच रस्त्याच्या कडेला पाट्यांतून विकायला असते. मधुमेह असलेल्याने त्याचा मोह बेताने करावा, एवढेच.

पाण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अनेक चालक मुद्दामच कमी पाणी पितात, कारण मध्येच थांबायला स्वच्छ स्वच्छतागृह नसते आणि गाडी सोडून जाण्याची भीतीही असते. उन्हाळ्यात ही सवय मूतखड्याला आमंत्रण देते. आणि तंबाखू? राज्यात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही जागे राहण्याचे साधन म्हणून तंबाखू, चुना आणि मावा केबिनमधून हटलेले नाहीत. ही सवय एकाएकी सुटत नाही. बडीशेप, लवंग किंवा भाजलेला ओवा तोंडात ठेवून सुरुवात करता येते.

नियम आहेत, पण...

चालकाने किती तास काम करावे, याविषयी कायदा मुका नाही. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांबच्या मार्गावर ती दहा आणि ५४ तासांपर्यंत वाढविता येत असे. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याची सुटी याही तरतुदी त्यात होत्या. पुढे हा कायदा २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत सामावला गेला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून आठ तासांचे तत्त्व तिने कायम ठेवले आहे.

अडचण तत्त्वाची नाही, मोजण्याची आहे. १९६१चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. आपल्याकडे बहुतेक मालमोटारी एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या. कित्येकदा मालक स्वतःच चालक असतो. त्याचे तास कोण मोजणार? युरोपात साडेचार तास गाडी चालविल्यावर ४५ मिनिटे थांबावेच लागते आणि दिवसाची सर्वसाधारण मर्यादा नऊ तासांची आहे. अमेरिकेत सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तास चालविता येते. तेथे हे तास गाडीतील यंत्र नोंदविते, त्यामुळे मालकाला किंवा चालकाला पळवाट राहत नाही. आपल्याकडे फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. पाडळसिंगीचा टोलनाका गाडीने किती वाजता ओलांडला आणि पुढचा किती वाजता, याची नोंद आपोआप होते. टोल कापण्यासाठी वापरली जाणारी ही नोंद, मनात आणले तर, चालकाची विश्रांती तपासण्यासाठीही वापरता येईल.

दुसरी बाब दुसऱ्या चालकाची. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत, अशी अट नियमांत होती. २०१८ मध्ये ती शिथिल झाली. क्लीनरही हळूहळू दिसेनासा होतो आहे. पूर्वी एक झोपला, की दुसरा गाडी हाके. निदान बोलायला आणि जागे ठेवायला कोणीतरी असे. आता चालवायचे, माल राखायचा, कागदपत्रे सांभाळायची आणि टायरही बदलायचा, हे सारे एकाच माणसाकडे आले आहे.

आणि मोबदला? तो बहुधा ट्रिपवर ठरतो. जितक्या ट्रिपा, तितके पैसे. माल भरताना आणि खाली करताना जे तास, कधीकधी दिवस, वाया जातात, त्यांचे मोल कोणी देत नाही. साखर कारखान्याच्या आवारात वजनकाट्यासाठी नंबर लावून उसाची गाडी ताटकळते, गोदामाच्या दारात हमालांची आणि वाराईची घासाघीस चालते, आणि हे गेलेले तास चालक रात्रीच्या झोपेतून वसूल करतो. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची जुनी मागणी वरकरणी पैशांची दिसते. तिच्या मुळाशी वेळेचा, म्हणजेच झोपेचाही प्रश्न आहे.

मुक्कामाची जागा

झोपायचे ठरविले, तरी कोठे? निर्जन ठिकाणी गाडी लावली, तर टाकीतील डिझेल काढून नेण्याची किंवा ताडपत्री फाडून माल पळविण्याची धास्ती. महामार्गाच्या कडेलाच लावली, तर मागून येणाऱ्याच्या धडकेची भीती. म्हणून ढाबा हाच चालकाचा खरा विश्रामगृह. जेवण घेतले, की आवारात गाडी लावायला आणि बाजेवर अंग टाकायला कोणी मज्जाव करीत नाही. कोणत्याही योजनेच्या कितीतरी आधी ढाबेवाल्यांनी ही सोय उभी केली.

सरकारी पातळीवरही आता हालचाल आहे. राष्ट्रीय महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांतिस्थाने उभारण्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी केली. तेल कंपन्यांनी पेट्रोलपंपांवर 'अपना घर' नावाने खाटा, स्नानगृह, स्वयंपाकाची जागा आणि वाहनतळ यांची सोय सुरू केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महामार्गालगतच्या सुविधांसाठी 'हमसफर' धोरण आले. आरोग्याच्या बाबतीत एड्स नियंत्रणाच्या निमित्ताने २००० नंतरच्या दशकात वाहतूकनगरांत चालकांसाठी 'खुशी' दवाखाने निघाले होते. चालक जेथे थांबतो तेथेच, त्याच्या सोयीच्या वेळी दवाखाना उघडा ठेवला तर तो येतो, हा त्या प्रयत्नाचा धडा. डोळे, रक्तदाब आणि साखर यांच्या तपासणीलाही तो तितकाच लागू पडतो.

चांगल्या विश्रांतिस्थानाला संगमरवरी स्वागतकक्ष लागत नाही. उजेड असलेला राखणीचा वाहनतळ, डास नसलेली खोली, अंघोळीला पाणी, स्वच्छ शौचालय आणि मोबाइल चार्ज करायला जागा एवढे पुरे. शेवटची गोष्ट क्षुल्लक नाही. महिनामहिना घराबाहेर असलेल्या माणसाला लेकरांचे तोंड त्या पडद्यावरच दिसते, आणि मन निवांत असेल तरच झोप लागते.

आपला वाटा

सेव्हलाइफच्या त्याच पाहणीत ८४ टक्के चालकांनी सांगितले होते, की आपल्या नातेवाइकाला किंवा ओळखीच्याला आपण या व्यवसायात येण्याचा सल्ला देणार नाही. वडिलांच्या हातून मुलाच्या हाती स्टेअरिंग जाण्याची रीत जेथे होती, तेथे ही उतरण चिंतेची आहे. चालक मिळत नाहीत म्हणून उभ्या राहिलेल्या गाड्यांची तक्रार मालक करतात. त्या तक्रारीचे उत्तर पगाराइतकेच मुक्कामातही आहे.

शहरातील वाचकाने यात काय करावे? आपले घरसामान हलविताना 'रात्रीतून पोहोचव' असा आग्रह धरू नये. दुकान, कारखाना किंवा गोदाम चालवीत असल्यास आलेल्या चालकाला शौचालय, पिण्याचे पाणी आणि सावली नाकारू नये. गाडी लवकर खाली करून द्यावी, आणि उशीर झालाच तर त्याचे पैसे द्यावेत. गृहसंकुलाच्या दारात माल घेऊन आलेल्या चालकाला पहारेकऱ्याने हटकण्याऐवजी नळ दाखवावा. यासाठी कायदा लागत नाही.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर पहाटे पाच वाजता पुन्हा इंजिने सुरू होतात. त्यांतील कोणी सहा तास झोपलेला असतो, कोणी दीड तास. दोघेही त्याच घाटातून, त्याच वळणांवरून खाली उतरणार असतात. आणि थोड्या वेळाने त्याच रस्त्यावर शाळेच्या बस, दुधाच्या गाड्या आणि आपली मोटारही असणार असते. चालकाची झोप ही त्याच्या एकट्याची खासगी बाब उरत नाही, ती इथे.